रामबाम : पोटासाठी वैद्यकी, धर्मासाठी तोरा

हैफा शहरात समुद्राच्या काठी रामबाम नावाचे मोठे रुग्णालय आहे. मराठी घरातल्या वडीलधाऱ्या माणसांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले की त्यांना हमखास रामबाण औषध आठवते. खरे म्हणजे या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रामबाण म्हणजे कधी न चुकणारा रामाचा बाण. रामबाम हे रब्बी मोशे बेन मैमोन या नावाच्या आद्याक्षरांवरून झालेले नाव. गंमत अशी की, सगळ्या रोगांवर चालणाऱ्या एकाच रामबाण औषधावर या थोर वैद्याचा मुळीच विश्वास नव्हता.

रामबाम यांना आपण तोराचे महान पंडित म्हणून ओळखतो. १९८६ साली निघालेल्या एका शेकेलच्या नोटेवर त्यांचे चित्र होते, ते मोठ्यांना आठवत असेल. पण हे पंडित रोज सकाळी उठून कामाला जात, रोगी तपासत, औषधे लिहून देत आणि त्याच कमाईवर घर चालवत. ते वैद्य कसे झाले आणि कोणत्या दुःखातून झाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्या दुःखाचे एक टोक हिंदुस्थानच्या समुद्रापर्यंत पोचते.

कोर्दोबातील बालपण

मोशे यांचा जन्म स्पेनमधील कोर्दोबा शहरात ११३८ साली झाला. जुन्या परंपरेप्रमाणे हे साल ११३५ असे धरतात. त्यांचे वडील रब्बी मैमोन हे तेथील यहुदी लोकांचे दय्यान, म्हणजे धर्माचा न्याय देणारे न्यायाधीश होते. त्या काळी दक्षिण स्पेनमध्ये मुसलमानांचे राज्य होते, आणि कोर्दोबा हे विद्येचे माहेरघर होते. घरात हिब्रू आणि तोरा, बाहेर अरबी भाषा, गणित, ज्योतिष आणि तत्त्वज्ञान, अशा दोन्ही विद्या मुलाच्या कानावर लहानपणापासून पडत होत्या. पहिले गुरू वडीलच होते.

हे सुख फार काळ टिकले नाही. ११४८ साली अल्मोहाद नावाच्या कडव्या पंथाच्या सैन्याने कोर्दोबा घेतले. यहुदी आणि ख्रिस्ती लोकांपुढे त्यांनी धर्म बदलणे किंवा देश सोडणे याखेरीज वाट ठेवली नाही. मोशे तेव्हा सुमारे दहा वर्षांचे होते. मैमोन यांचे कुटुंब घरदार सोडून निघाले. बारा-एक वर्षे ते स्पेनमध्येच ठिकठिकाणी भटकत राहिले आणि ११६० च्या सुमारास समुद्र ओलांडून मोरोक्कोतील फेझ शहरी आले. राज्य तेथेही अल्मोहादांचेच होते, पण अनोळखी गावात माणूस गर्दीत लपून राहू शकतो.

इतकी धावपळ चालू असताना अभ्यास मात्र थांबला नाही. पुस्तकांच्या पेट्या कुठे हरवल्या, कुठे मागे राहिल्या. पण जे डोक्यात साठवले होते ते कोणाला हिरावून घेता आले नाही. मिश्ना या ग्रंथावरील आपल्या मोठ्या टीकेचे काम मोशे यांनी वाटेवरच केले. काही भाग प्रवासात तर काही समुद्रावर लिहिल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

वैद्यकीचे शिक्षण

आज डॉक्टर व्हायचे तर विद्यापीठात जावे लागते, परीक्षा द्याव्या लागतात, मग रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. बाराव्या शतकात अशी सरळ वाट नव्हती. ज्याला वैद्य व्हायचे असे तो एखाद्या जाणत्या वैद्याजवळ बसे, त्याच्याकडून जुने ग्रंथ वाचून घेई, आणि तो रोग्यांकडे जाई तेव्हा बरोबर जाऊन पाहून शिके. ग्रंथ आणि रोग्याची खाट, या दोन्ही ठिकाणी शिक्षण होई.

ते ग्रंथ मुख्यतः ग्रीक वैद्यांचे होते. हिप्पोक्रेटस आणि त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झालेला गालेन हे दोघे त्या काळच्या वैद्यांचे आद्यगुरू. त्यांचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इशाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अरबीत आणले होते. त्यावर अल्-राझीसारख्या वैद्यांनी स्वतःच्या अनुभवाची भर घातली होती. मोशे यांनी हे सारे अरबीतून वाचले. पुढे त्यांनी गालेनच्या लांबलचक ग्रंथांचे सारही लिहून काढले, म्हणजे शिकणाऱ्यांना ते पाठ करता यावे.

या शास्त्राचे मूळ तत्त्व आपल्याकडच्या आजीबाईंना सहज समजले असते. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ हे तीन दोष मानतात. ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस मानत. त्यांचा तोल राहिला की माणूस निरोगी, तोल गेला की आजारी. आज हे तत्त्व मागे पडले आहे. पण त्यातून वैद्याला एक चांगली सवय लागे. रोग्याची हवा कशी आहे, तो काय खातो-पितो, किती हालचाल करतो, झोप कशी आहे, पोट साफ होते का, आणि मनाला काय लागून राहिले आहे, या सहा गोष्टी आधी विचारायच्या. कुटुंबाचा चांगला डॉक्टर आजही हेच विचारतो.

मोरोक्कोत असताना मोशे तेथील नामांकित मुसलमान वैद्यांच्या बैठकीत वावरले. इब्न झुहर हा स्पेनचा मोठा वैद्य. त्याच्या मुलाकडून आणि शिष्यांकडून त्याच्या उपचारांच्या हकिकती मोशे यांनी ऐकून घेतल्या. तिथेच त्यांना मराकेशच्या एका अमीराची गोष्ट कळली. तो आजारातून उठत असताना दरबारच्या वैद्यांनी त्याला थेरिआक नावाचे जालीम औषध दिले. ते त्याला मानवले नाही आणि त्यातच तो गेला. ही गोष्ट मोशे यांनी पुढे दम्यावरच्या आपल्या पुस्तकात घातली. वैद्य कितीही मोठा असला तरी चुकू शकतो, म्हणून जपून पाऊल टाकावे, हा धडा त्यांनी त्यातून घेतला आणि शिष्यांपुढेही ठेवला.

समुद्राची वाट

११६५ साली इय्यार महिन्यात मैमोन यांचे कुटुंब फेझ सोडून जहाजाने एरेत्स इस्राएलकडे निघाले. निघाल्यावर सहाव्या दिवशी, शब्बाथच्या दिवशी, समुद्रात मोठे वादळ झाले. सगळ्यांनी जिवाची आशा सोडली. परमेश्वराने वाचवले, तेव्हा मोशे यांनी नवस केला की दरवर्षी या दिवशी आपण उपास करू आणि दानधर्म करू. सिवान महिन्याच्या आरंभी ते आक्कोला सुखरूप उतरले.

पण देश क्रुसेडरांच्या ताब्यात होता आणि तेथे यहुदी वस्ती थोडी व गरीब होती. मोशे यरुशलेमला जाऊन आले, हेब्रोनला पूर्वजांच्या कबरींवर प्रार्थना केली. पुढे कुटुंब मिसर देशात गेले आणि कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहरात स्थिरावले. थोड्याच काळात वडील वारले. घरात मोशे आणि त्यांचा धाकटा भाऊ दावीद हे दोघे कर्ते पुरुष राहिले.

दोघा भावांची वाटणी

दावीद हिरे-माणके आणि मोत्यांचा व्यापार करी. मोशे अभ्यास करत, लिहीत आणि लोकांना धर्माचा निर्णय देत. हा दोघांचा आपसातला समजूतदार बेत होता. दावीदने कमवावे, मोशे यांनी शिकावे. त्यात मोशे यांना कमीपणा वाटत नव्हता, कारण त्यांनी दुसरी एक वाट जाणूनबुजून नाकारली होती.

ती वाट म्हणजे तोरा शिकवून पगार घेणे. त्या काळच्या अनेक विद्यापीठांत आणि मंडळ्यांत विद्वानांना लोकांच्या वर्गणीतून पैसे मिळत. मोशे यांना ते मान्य नव्हते. मिश्नावरची टीका त्यांनी ११६८ साली पुरी केली, तिच्यात त्यांनी हे अगदी कडक शब्दांत लिहिले. तलमूदातील जुने आचार्य कोणी लाकूडफोडे होते तर कोणी पाणी वाहणारे, पण धर्मविद्येचा कोणी धंदा केला नाही, याची त्यांनी आठवण दिली. विद्वानाने हाताने कमवावे आणि तोरा फुकट शिकवावी, असे त्यांचे मत होते. असे लिहिणे सोपे असते. त्याप्रमाणे वागण्याची पाळी लवकरच त्यांच्यावर येणार होती.

आयधाबहून आलेले पत्र

फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये एक खोली होती. परमेश्वराचे नाव असलेला कागद फाडू किंवा जाळू नये, म्हणून जुने कागद तिच्यात टाकत. तिला गनीझा म्हणतात. शेकडो वर्षांचे हे कागद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विद्वानांच्या हाती आले आणि त्यातले पुष्कळ केंब्रिजला नेले. त्यात दावीदने आपल्या भावाला लिहिलेले एक पत्र सापडले.

पत्र तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून लिहिलेले आहे. दावीद नाईल नदीने वर गेला, मग काफिल्यापासून वेगळा होऊन एका सोबत्याबरोबर वाळवंट तुडवत बंदराला पोचला. वाटेत त्याला आपल्या धाडसाची भीती वाटली. पण मागून आलेला काफिला लुटला गेल्याचे त्याला कळले, तेव्हा परमेश्वराने आपल्याला तारले असे त्याने मानले. आयधाबला घेण्यासारखा माल नव्हता, म्हणून त्याने पुढे हिंदकडे जाण्याचे ठरवले. काळजी करू नका, घरच्यांना धीर द्या, असा सारा पत्राचा सूर आहे.

हिंदच्या समुद्रात दावीदचे जहाज बुडाले. त्याच्याबरोबर त्याचे, मोशे यांचे आणि इतरांचेही पुष्कळ पैसे बुडाले. मागे त्याची बायको आणि लहान मुलगी राहिली.

बातमी कळल्यावर मोशे अंथरुणाला खिळले. सुमारे वर्षभर ताप, गळवे आणि मनाची भ्रमिष्ट अवस्था यांनी त्यांना ग्रासले. जगतात की जातात अशी वेळ आली. पुढे ११८५ साली आक्कोचे धर्माधिकारी याफेत यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी हे दुःख मोकळे केले. तेव्हा या घटनेला आठ वर्षे होऊन गेली होती. दावीद त्यांच्या मांडीवर वाढला होता, त्यांचा भाऊही होता आणि शिष्यही. त्याच्या हातचा एखादा कागद समोर आला की आठ वर्षांनंतरही त्यांचे काळीज कालवे. तोराचा अभ्यास नसता तर आपण या दुःखात संपलो असतो, असे त्यांनी कबूल केले. ज्यांना पुढे सगळे जग मनाच्या आजाराबद्दल सल्ला विचारणार होते, त्यांनी तो आजार आधी स्वतः भोगला होता.

वैद्य मोशे

अंथरुणातून उठल्यावर पोटाचा प्रश्न उभा होता. स्वतःचे घर आणि दावीदच्या बायको-मुलीचीही जबाबदारी. फुस्तातचे यहुदी लोक त्यांना आनंदाने पगार देते. ११६८ साली बिल्बैस शहरातून क्रुसेडरांनी यहुदी कैदी धरून नेले होते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी गावोगाव पत्रे पाठवून मोशे यांनी पैसे गोळा केले होते. लोक त्यांना मानत होते. तरीही त्यांनी मंडळीपुढे हात पसरला नाही. तरुणपणी शिकलेली वैद्यकी त्यांनी आता धंदा म्हणून हाती घेतली.

नाव हळूहळू झाले. मिसरवर तेव्हा सुलतान सलाहुद्दीन याची सत्ता होती. त्याचा मुख्य सचिव अल्-कादी अल्-फादिल याने ११८५ च्या सुमारास मोशे यांना दरबारी वैद्य नेमले आणि वर्षासन बांधून दिले. स्पेनमधून जीव मुठीत धरून पळालेला यहुदी मुलगा आता मुसलमान दरबारात मानाने वावरू लागला.

दरबारातील आणि गावातील रोग्यांसाठी त्यांनी अरबीत वैद्यकावरची दहा पुस्तके लिहिली. दमा, मूळव्याध, विषे, औषधांची नावे असे त्यांचे विषय आहेत. औषधांच्या नावांच्या पुस्तकात एकाच वनस्पतीला अरबी, ग्रीक, फारसी, स्पॅनिश अशा भाषांत काय म्हणतात ते दिले आहे, म्हणजे गांधी भलतेच मूळ पुडीत बांधून देणार नाही. त्या काळी मिसरच्या औषधांच्या दुकानांत हिंदुस्थानचा माल भरपूर येई. हिरडा, मिरी, आले, चिंच, सगळे जहाजाने जाई. अरबीत चिंचेचे नावच हिंदचा खजूर असे आहे.

दम्याचे पुस्तक त्यांनी एका मोठ्या घराण्यातील रोग्यासाठी लिहिले. हा रोगी अलेक्झांड्रियाच्या दमट हवेत राहात होता. मोशे यांनी त्याला कैरोकडची कोरडी हवा सुचवली, जेवण कमी आणि वेळेवर करायला सांगितले, कोंबडीचे सूप घ्यायला सांगितले आणि झोपेचे नियम घालून दिले. शहरातली कोंडलेली, धुराने भरलेली हवा आणि मोकळ्या रानातली हवा यांतला फरक त्यांनी आठशे वर्षांपूर्वी मांडला. औषधाविषयी त्यांची पायरी ठरलेली होती. आहाराने भागत असेल तर औषध देऊ नये. औषध लागलेच तर सौम्य द्यावे. जालीम औषध अगदी शेवटी. प्रत्येकाचा पिंड वेगळा, म्हणून एकाला लागू पडलेली मात्रा दुसऱ्याला डोळे मिटून देऊ नये. गालेन हा गुरू खरा, पण तो जिथे स्वतःच्याच बोलण्याविरुद्ध बोलला आहे, अशा चाळीसच्या वर जागा त्यांनी दाखवून दिल्या.

११९९ साली अल्-फादिल याच्या सांगण्यावरून त्यांनी विषांवर पुस्तक लिहिले. साप किंवा विंचू चावला आणि वैद्य जवळ नसला तर सामान्य माणसाने ताबडतोब काय करावे, कोणत्या साध्या मिळणाऱ्या वस्तू वापराव्यात, हे त्यात आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी दंशाच्या वर घट्ट बांधणे आणि विष चोखून काढणे सांगितले. आज तसे करू नये. आज १०१ वर फोन करून मागेन दावीद आदोमला बोलवावे. पण दूरच्या खेड्यातल्या माणसाचाही विचार करायचा, ही त्यांची दृष्टी मात्र जुनी झालेली नाही.

गंडे-ताईत आणि मंत्रतंत्र यांवर त्यांचा विश्वास नव्हता. जखमेवर तोराचे वचन पुटपुटून ती बरी करू पाहणाऱ्याला त्यांनी मिश्ने तोरा या आपल्या महान ग्रंथात कठोर दोष दिला, कारण तोरा आत्म्यासाठी आहे, तिला लेप बनवायचे नसते. तरीही त्याच ग्रंथात ते म्हणतात की साप चावलेल्या माणसावर मंत्र घालू द्यावा. त्याचा काही उपयोग नाही, पण माणूस मरणाच्या दारात असताना त्याचे मन घाबरून खचू नये. शास्त्राचा हट्ट त्यांनी रोग्याच्या जिवापेक्षा मोठा केला नाही. शब्बाथच्या दिवशी रोग्याचा जीव वाचवायचा असेल तर ते काम परक्यावर किंवा मुलावर ढकलू नये, मोठ्या विद्वानांनीच पुढे होऊन करावे, असाही नियम त्यांनी लिहिला. तोराचे नियम जगावर दया करण्यासाठी आहेत हे लोकांना त्यातून दिसावे, हा त्यांचा हेतू होता.

राजपुत्राला खरा सल्ला

सलाहुद्दीनाचा थोरला मुलगा अल्-अफदल याला अपचन, बद्धकोष्ठ आणि मनाची उदासी यांचा त्रास होता. त्याच्यासाठी मोशे यांनी आरोग्याच्या नियमांचे पुस्तक लिहिले. पोटाच्या उपायांबरोबर त्यांनी मनावर एक सबंध प्रकरण लिहिले. भीती, राग आणि शोक यांनी शरीर झिजते. सुखाने फुलून जाऊ नये आणि दुःखाने मोडून जाऊ नये, याची मनाला सवय लावावी लागते, असे त्यांनी समजावले. भाऊ गेल्यावर वर्षभर अंथरुणात काढलेल्या माणसाचा हा सल्ला होता.

पुढे त्याच राजपुत्राला लिहिताना त्यांनी थोडी द्राक्षाची दारू आणि गाणे यांचा उपयोग सांगितला. मुसलमान राजाला यहुदी वैद्याने असे सांगणे धोक्याचे होते. मोशे यांनी ते लपवले नाही. वैद्याचे काम शरीराला काय उपयोगी ते सांगण्याचे आहे, आणि ते त्याने खरे सांगितलेच पाहिजे. धर्माला काय मान्य आहे हे धर्म सांगेल. त्याप्रमाणे करायचे की नाही हे रोग्याने स्वतः ठरवावे, असे त्यांनी नम्रपणे मांडले.

एक दिवस

११९९ साली फ्रान्सच्या दक्षिणेकडील विद्वान शमुएल इब्न तिब्बोन यांनी त्यांना भेटायला येण्याची इच्छा कळवली. ते मोशे यांच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे अरबीतून हिब्रूत भाषांतर करीत होते. त्यांना पाठवलेल्या उत्तरात मोशे यांनी आपला दिवस कसा जातो ते सांगितले आहे.

ते फुस्तातला राहात आणि सुलतान कैरोत. रोज पहाटे त्यांना दरबारात जावे लागे. सुलतान, त्याची मुले किंवा जनानखान्यातले कोणी आजारी असेल तर बहुतेक दिवस तिथेच जाई. काही विशेष नसले तरी दुपारपूर्वी परत येणे होत नसे. भुकेने व्याकूळ होऊन घरी यावे, तर अंगण माणसांनी भरलेले. यहुदी आणि परधर्मी, श्रीमंत आणि गरीब, न्यायाधीश आणि शिपाई, मित्र आणि वैरीही. मोशे जनावरावरून उतरत, हात धूत, आणि चार घास खाईपर्यंत थांबावे म्हणून त्यांची क्षमा मागत. चोवीस तासांतले तेवढेच त्यांचे जेवण. मग रोगी पाहणे आणि औषधे लिहून देणे सुरू होई, ते रात्र पडेपर्यंत, कधी रात्रीचे दोन तास उलटेपर्यंत. थकव्याने ते आडवे होऊन रोग्यांशी बोलत. शेवटी बोलायचेही त्राण राहात नसे.

यहुदी मंडळीला त्यांच्याशी बोलायला फक्त शब्बाथ मिळे. सकाळच्या प्रार्थनेनंतर लोक त्यांच्या घरी जमत, आठवड्याच्या कामांचा निर्णय घेत आणि दुपारपर्यंत थोडा अभ्यास करत. काही जण मिन्हानंतर पुन्हा येत. त्या शिकवण्याचे पैसे ते घेत नसत. तरुणपणी लिहिलेला शब्द तीस वर्षे उलटल्यावरही ते असा पाळत होते. दिवसाचे पैसे वैद्यकीचे, शब्बाथची तोरा फुकट. आश्चर्य हे की अशा दिवसांच्या फटीतूनच त्यांनी तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ पुरा केला.

आपल्या लोकांशी संबंध

आयुष्याच्या शेवटी फ्रान्समधील लुनेल गावच्या विद्वानांना लिहिताना मोशे यांनी हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख केला आहे. त्यांना लिखित तोरा ठाऊक नाही. ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढेच त्यांच्याजवळ उरले आहे, असा त्याचा आशय. कोकणातल्या ज्या तेल्यांना शेजारी शनिवार तेली म्हणत, त्यांचे वर्णन याच्याशी इतके जुळते की बेने इस्राएल इतिहास सांगणाऱ्यांनी हा उल्लेख आपलाच मानला आहे.

आपल्यात दावीद रहाबीची परंपरा आहे. बाहेरून आलेल्या या यहुदी माणसाने कोकणातील आपल्या पूर्वजांना ओळखले, त्यांना पुन्हा धर्म शिकवला आणि शिकवण्यासाठी आपल्यातलेच लोक तयार केले. हा दावीद म्हणजे रामबामांचा भाऊ, असेही काहींनी लिहिले आहे. त्याला आधार नाही. मोशे यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे की भाऊ समुद्रात बुडाला. गोष्ट गोड असली तरी खरे ते खरे म्हणावे, हे त्यांनाच आवडले असते. मात्र ज्या हिंदच्या वाटेवर आपले पूर्वज राहात होते, त्याच वाटेवर तो गेला, आणि त्याच्या जाण्याने एका पंडिताला वैद्य व्हावे लागले, हे खरे आहे.

अखेर

तेवेत महिन्याच्या २० तारखेला, १३ डिसेंबर १२०४ रोजी, मोशे फुस्तात येथे वारले. परंपरेप्रमाणे त्यांची कबर तिबेरिया येथे आहे, आणि इस्राएलभरचे लोक तेथे दर्शनाला जातात. त्यांचा मुलगा अब्राहाम हाही धर्माचा पुढारी आणि वैद्य झाला; कैरोच्या रुग्णालयात त्याने काम केले. पुढे कित्येक पिढ्या मिसरच्या यहुद्यांचे पुढारीपण याच घराण्यात राहिले.

अनेक दवाखान्यांत वैद्याची प्रार्थना म्हणून एक सुंदर मजकूर रामबामांच्या नावाने लावलेला असतो. तो त्यांचा नाही. अठराव्या शतकात जर्मनीत तो प्रथम छापला गेला. त्यांनी मागे ठेवली ती जगण्याची रीत. लोकांच्या पैशावर धर्म सांगायचा नाही, स्वतःच्या कष्टाचे खायचे, आणि अंगणात जो येईल त्याला, मग तो वैरी का असेना, तपासल्याशिवाय परत पाठवायचे नाही. तिबेरियाला त्यांच्या कबरीजवळ मेणबत्ती लावताना दावीदचीही आठवण करावी. त्याची कबर कुठेच नाही.